ऑस्टिनला येताय? मग घर गाण्याच्या बाजूला घ्या

पुण्याहून कंपनीच्या बदलीवर ऑस्टिनला येताय, गिटार वाजवता, कंट्री रॉकचं वेड आहे. बँड कुठं ऐकायचे, घर कुठं घ्यायचं आणि शनिवार-रविवारी स्वतः वाजवून चार पैसे मिळवता येतील का, असं विचारलंत.

पैशांचं आधी सांगतो, कारण ते कडू आहे. व्हिसा एल-वन असो की एच-वन-बी, काम फक्त त्याच कंपनीत. बारमध्ये वाजवून मानधन घेणं चालत नाही, आणि टिपांच्या बरणीतले डॉलरही पैसेच. मित्रांच्या घरी खुशाल वाजवा. बँडमध्ये शिरण्याआधी मात्र कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. गिटार जरूर आणा. भारतीय रोझवूडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सायटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याची गरज उरलेली नाही. (ब्राझिलियन रोझवूडला ही सूट नाही.)

आता घर. ऑफिसातले आपले लोक तुम्हाला सीडर पार्क किंवा राउंड रॉक या उपनगरांकडे ओढतील. शाळा चांगल्या, देशी किराणा जवळ, गणपतीला माणसं जमतात. मुलं असतील तर तिकडेच जा. पण तिथून रात्री दहाचा बँड ऐकायला कोणी येत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. बिअर घेतली तर गाडी चालवायची पंचाईत, आणि रात्री उशिरा बसचा भरवसा नाही. एकटे असाल तर साउथ लमार किंवा साउथ काँग्रेस या रस्त्यांच्या आसपास बघा. भाडं जास्त बसेल, खोली लहान मिळेल, तरी घ्या.

साउथ लमारवरच ब्रोकन स्पोक आहे. जेम्स व्हाइट यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला डान्स हॉल. ते २०२१ मध्ये गेले, हॉल चालू आहे. दोन्ही बाजूंना चकचकीत अपार्टमेंटं आणि मधे हे बुटकं, जुनाट बांधकाम. आतलं छत इतकं खाली की उंच माणूस उगाचच मान वाकवतो. इथं गाणं नाचण्यासाठी असतं. टू-स्टेप या कंट्री नाचाच्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. त्यांच्या वाटेत ग्लास धरून बँडकडे बघत उभं राहू नका, धक्के बसतील. बँड सुरू होण्याआधी नाच शिकवतात, तो शिका. गिटारवाल्यांनी तर शिकावाच. पेडल स्टील गिटारची ती रडवी सुरावट ताल न मोडता कशी रेंगाळते, हे पाय हलल्यावरच कळतं.

कंट्री आणि रॉकची इथं सोयरीक जमली ती आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्समध्ये. नॅशनल गार्डच्या जुन्या इमारतीतला हा अड्डा १९७० ते १९८० चालला. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला कंटाळून टेक्सासला परतलेले गायक विली नेल्सन १९७२ मध्ये तिथं गायले, आणि लांब केसांची पोरं व काउबॉय टोपीवाले एकाच छताखाली आले. ती जागा आता पाडलीय, पण तो मिलाफ तुम्हाला काँटिनेंटल क्लबमध्ये अजून ऐकू येईल. हा क्लब १९५५ चा. तिथं संध्याकाळी लवकर सुरू होणारे कार्यक्रमही असतात. ऑफिस सुटल्यावर थेट जा, दुसऱ्या दिवशीची ऑफिसची सकाळची मीटिंग चुकणार नाही.

एखाद्या रविवारी ग्रीन हॉलला जा, न्यू ब्राउनफेल्समध्ये, १८७८ चा. ऑक्टोबरातल्या ‘ऑस्टिन सिटी लिमिट्स’ या मोठ्या संगीत फेस्टिव्हलच्या महागड्या तिकिटांची घाई करू नका. त्याच नावाच्या टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणाचे पास सोडतीनं फुकट मिळतात, तिथं नाव टाका.

कानात घालायला इअरप्लग ठेवा. सुटे डॉलर ठेवा. जिथं तिकीट नसतं तिथं बँडची कमाई बरीचशी टिपांच्या बरणीवरच असते. आणि दारावर वय तपासतात, केस पिकलेले असले तरी. सुरुवातीला पासपोर्ट चालतो, पण तो घेऊन बारमध्ये फिरणं बरं नव्हे, तेव्हा आल्याआल्या टेक्सासचं लायसन्स काढून टाका.