गेम शिकवायला परदेशी जाताय, आधी गेम कुणाचा ते ठरवा

तुमचा प्रश्न असा की गेम डेव्हलपमेंट शिकवण्याची परदेशी नोकरी मिळते आहे, स्वतःचे दोन गेम स्टीम (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) आणि गूगल प्लेवर विकले जातायत, तर निघण्याआधी काय करावं. व्हिसाची कागदपत्रं दूतावासाच्या साइटवर आहेत, ती इथे उगाळत नाही.

सगळ्यात आधी नोकरीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा. 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम संस्थेचं' असं ते बऱ्याचदा ऐसपैस लिहिलेलं असतं. सही करण्याआधी दोन्ही गेमची नावं, सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) आणि पुढचे अपडेट वगळल्याचं परिशिष्ट जोडून घ्या. अपडेट लिहायचे राहिले, तर मूळ गेम तुमचा आणि नंतरची दुरुस्ती संस्थेची, असा गुंता होतो. तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नका. बऱ्याच देशांत कामाचा परवाना एकाच मालकापुरता असतो. जुन्या गेमचे पैसे येत राहणं आणि नवा गेम करून विकणं, यातलं काय चालतं हेही लेखी विचारा.

राहण्याचा देश बदलला की स्टीमवर्क्समधली, म्हणजे स्टीमच्या विक्रेत्यांसाठीच्या पोर्टलवरची, कराची माहिती नव्याने भरावी लागते. अमेरिकेतल्या विक्रीवर, तुमच्या देशाच्या अमेरिकेशी असलेल्या कर-कराराचा लाभ नसेल तर, ३० टक्के कापले जातात. बँक खात्यावरचं आणि स्टीमवरचं नाव जुळत नसेल तर पैसे अडकतात. गूगल प्लेवर खात्याचा देश बदलता येत नाही. २५ डॉलर भरून नवं खातं काढायचं आणि गेम तिकडे हलवायचे. नवं वैयक्तिक खातं असेल तर पुढचा गेम काढण्याआधी तो किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावा लागतो. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत जुनं बँक खातं बंद करू नका.

पदवीच्या समकक्षतेसाठी, म्हणजे ती तिकडच्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवण्यासाठी, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि तास शिक्क्यासह आताच घ्या. लांबून ते मिळवणं जिवावर येतं. बाजारात आणलेल्या गेमला समकक्षतेच्या तक्त्यात रकानाच नसतो. रात्र रात्र जागून पूर्ण केलेलं काम तिथे शून्य धरलं जातं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मुलाखतीतल्या नमुना तासाला छोटाच विषय घ्या. प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर नव्याने उमटणाऱ्या चित्राला) ०.१ युनिट सरकणारं पात्र सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मशीनवर सेकंदाला ६ युनिट जातं, १४४ फ्रेमच्या मशीनवर १४.४. हे शेजारी शेजारी चालवून दाखवा आणि मगच वेगाला डेल्टा टाइमने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणा. मुलांना चूक आधी डोळ्यांनी दिसली पाहिजे.

एकटेपणाचंही विचारलंत. तो असतोच. पोहोचल्यावर गेम जॅम (थोड्या वेळात एकत्र गेम बनवण्याचे मेळावे) शोधा, ओळखी होतात.

मला त्याहून जड जातं ते इथे शिकवत असलेल्या, मागे राहणाऱ्या मुलांचं. त्यांचे प्रकल्प अर्ध्यावर टाकून निघण्याची बोच नोकरी कितीही चांगली असली तरी जात नाही, म्हणून ही व्यवस्था नीट लावून जा. प्रकल्पांच्या रेपॉझिटरी (कोड आणि फायलींचे ऑनलाइन साठे) तुमच्या वैयक्तिक खात्यावर असतील तर त्या इथल्या संस्थेच्या नावावर करा. गिट एलएफएसचा (मोठ्या फायली ठेवण्याच्या सोयीचा) कोटा कुणाच्या खात्यातून जातो ते तपासा. तो संपला की मुलांना टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) आणि आवाजाच्या फायली उतरवता येत नाहीत. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधले प्रकल्प असतील तर त्याची आवृत्ती नोंदवणारी प्रोजेक्टव्हर्जन फाइल रेपॉझिटरीत आहे ना ते बघा, नाहीतर नवे शिक्षक भलत्याच आवृत्तीत प्रकल्प उघडतील आणि सीन मोडतील. आणि प्रत्येक प्रकल्प प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मशीनवर नव्याने क्लोन करून (साठ्यातून पूर्ण उतरवून) एकदा बिल्ड करून, म्हणजे चालणारा गेम तयार करून, घ्या, तुम्ही तिथे असतानाच.