बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये रात्रीचे जेवण कोरडे आणि कडवट निघाले. दोष त्यांचा की माझ्या अपेक्षेचा?

आपण लिहिले आहे की रात्री उशिरा गेल्यावर मागवलेले ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीकडचे मांस, कोरडे होते, सगळ्याच पदार्थांना कडवट चव होती आणि कोंबडी आतून गुलाबी दिसल्यामुळे ती कच्ची असल्याची शंका आली. थोड्याफार फरकाने हेच ताट माझ्याही पुढे आलेले आहे. मी घरी हौसेने धुरावर मांस शिजवत असल्यामुळे काय बिघडले असावे याचा अंदाज मला जेवता जेवताच येत गेला, आणि त्यामुळे जेवणाची उरलीसुरली मजाही गेली.

माझ्या मते ब्रिस्केट शिजवताना बिघडले नव्हते, ते शिजल्यानंतर बिघडले. या मांसात कोलॅजेनचे चिवट तंतू भरपूर असतात. आतले तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर हे तंतू विरघळून त्यांचे जिलेटिन होऊ लागते, पण ते इतक्या सावकाश की मोठा तुकडा ११० ते १२० अंशांच्या मंद आचेवर दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ ठेवून आतपर्यंत ९० ते ९५ अंशांवर न्यावा लागतो. मधल्या टप्प्यात तापमान तासन्‌तास अडून बसते, कारण पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी, अंगावरच्या घामाप्रमाणे, मांसाला थंड करत राहते. असा पदार्थ गिऱ्हाईक आल्यावर करायला घेता येत नाही. किती माणसे येतील याचा अंदाज आदल्या रात्रीच बांधावा लागतो, आणि तो चुकला की एक तर मांस संपते किंवा उरते.

उरलेले मांस वाईटच असते असे नाही. अख्खा तुकडा गुंडाळून ६० अंशांच्या वर नीट ठेवला तर काही तास तो उत्तम राहतो. मात्र त्याचे काप करून ठेवले की ओलावा पाहता पाहता निघून जातो आणि पुन्हा गरम केल्याने तो परत येत नाही. माझ्या ताटातल्या कापांच्या कडा काळपट पडून वर वळलेल्या होत्या आणि त्यांच्यावर सॉस सढळ हाताने ओतलेला होता. सॉस वाटीत वेगळा न येता वरून ओतलेला आला की मला नेहमीच संशय येतो. तो चवीसाठी असतो तितकाच झाकण्यासाठीही असू शकतो.

कडवटपणाचे कारण मात्र आगीत असते. लाकूड ओले असले किंवा आगीला हवा कमी पडली की ते अर्धवट जळते, दाट पांढरा धूर निघतो आणि त्यातले कडू, चिकट घटक मांसावर बसतात. चांगल्या आगीचा धूर पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा असतो. जिभेवर राखेसारखी चव बराच वेळ रेंगाळत असेल, तर ती धुराची 'अस्सल' चव आहे असे कोणी सांगितले तरी मानू नये.

कोंबडीच्या बाबतीत मात्र मी रेस्टॉरंटची बाजू घेईन. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी जोडले गेल्याने पृष्ठभागाखाली गुलाबी पट्टा तयार होतो, आणि कोवळ्या कोंबडीचे हाडाजवळचे मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहू शकते. खरी खूण रंगाची नव्हे, तापमानाची. आत ७४ अंश झाले असतील तर ती खाण्यास सुरक्षित असते. ते आपल्याला टेबलावर मोजता येत नाही हे खरे, म्हणून शंका आल्यास थर्मामीटर लावून पाहण्याची विनंती जरूर करावी.

आता दोष कोणाचा? उशिरा येणाऱ्याला ताजे ब्रिस्केट मिळण्याची शक्यता कमी असते, एवढे आपण गृहीत धरायला हवे होते. परंतु मांस वाळले आहे हे स्वयंपाकघराला आपल्याआधी कळलेले असते, आणि तरीही ते पूर्ण दराने पुढे करणे हा माझ्या लेखी मोठा दोष आहे. 'संपले' असे सांगितले असते, तर मी चिडलो नसतो.

मी वेटरला शांतपणे विचारले होते, "हे आगीवरून कधी उतरवले?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "सकाळी, सर." या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले, ते ताट बिलातून वगळले गेले तेव्हा तर अधिकच. तेव्हापासून मागणी नोंदवण्यापूर्वीच मी सर्वांत शेवटी काय उतरवले ते विचारतो. बहुधा उत्तर बरगड्या असे येते, कारण त्या पाच-सहा तासांत होतात आणि त्यांची दुसरी खेप दुपारनंतर लावता येते.