दोन आकडे, एक ओळ

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय मुली,

दुपारी तू गेलीस आणि तुझ्या काकू माझ्यावर उखडल्या. "पोरगी रडकुंडीला येऊन बसली होती आणि तुम्ही तिला कॅन्युलाचे भाव विचारत होता." बरोबर आहे त्यांचं. पण धीर द्यायचं काम मला कधी जमलं नाही, आणि तुला त्याची गरजही नाही. तू सरळ आहेस हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. त्यावर कागद घालवत नाही.

तुमच्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात दोन डीलरांची कोटेशनं आली. एकाची कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, 14 रुपयांना, छापील किंमत 60. दुसऱ्याची 19 ला, छापील किंमत 185. दोन्ही तुमच्या सिस्टरांच्या वापरातल्या, कोणाची तक्रार नाही. तू पहिलीवर खूण केलीस, साहेबांनी ती खोडून दुसरीवर केली. आणि तू मला विचारतेस, "काका, माझं काय चुकलं?"

तुझं एवढंच चुकलं की तू बाजारातलं गणित मांडलंस. घेणाऱ्याला स्वस्त हवं, हे मंगळवार पेठेत खरं. इथे घेणारं रुग्णालय, छापील किंमत भरणारा पेशंट, आणि तो सलाईन लावून आडवा पडलेला. मधला फरक रुग्णालयाचा नफा. म्हणून डीलर एकमेकांशी भाव उतरवून भांडत नाहीत, छापील किंमत चढवून भांडतात. 2018 च्या फेब्रुवारीत औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासून आकडे बाहेर काढले. 5 रुपये 77 पैशांना घेतलेला थ्री-वे स्टॉपकॉक, म्हणजे सलाईनच्या नळीवरची प्लास्टिकची छोटी चावी, 106 रुपयांना लावलेला. नफा 1737 टक्के. आणि यात छापील किमतीच्या वर एक रुपया घेतला असंही नाही! मोठ्या खरेदीसाठी जास्त एमआरपी छापून घेतली जाते, हे त्याच अहवालात होतं. मी ते पेपरात वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही. मला लाज वाटली, कारण मला ते अठरा वर्षं आधी माहीत होतं.

म्हणून सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: खरेदीचा दर आणि एमआरपी एकाच ओळीत लिही. शेजारी शेजारी. मध्ये दुसरा रकाना नको.

तू म्हणशील, एवढंच? हो, एवढंच. माझ्या वेळी आमच्या रुग्णालयात हिरव्या पुठ्ठ्याचं खरेदी रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं आणि विक्रीच्या दरांची यादी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर. मधे एक भिंत. त्या भिंतीच्या आधाराने मी एकतीस वर्षं सुखाने नोकरी केली. विडी घरकुलातली एक बाई एकदा माझ्या खिडकीशी आली होती. नवरा आयसीयूत. तिने सगळी रिकामी पाकिटं एका कॅरीबॅगेत जपून ठेवली होती. कारखान्यात विड्या मोजून द्यायची सवय, तसंच हेही मोजून द्यावं लागतं असं तिला वाटलं असावं. त्यातलं एक छोटं पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाली, "साहेब, ही निळी चावी केवढ्याला आणली ओ तुम्ही?" थ्री-वेच होता. हिरवं रजिस्टर माझ्या कोपराखाली उघडं होतं. मी म्हणालो, "ते वेगळं डिपार्टमेंट आहे." ती पाकीट परत पिशवीत ठेवून निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी कमिशन खाल्लेलं नाही, हे तुला माहीत असावं. दिवाळीला आलेली चांदीची वाटी मी परत पाठवली होती, डीलरचा माणूस अजून भेटला की ती आठवण काढतो. पण आता वाटतं, वाटी परत पाठवण्याचा मी जरा जास्तच अभिमान बाळगला. माझा पगार त्याच नफ्यातून यायचा. मुलाच्या इंजिनिअरिंगची फीसुद्धा.

मालक काही राक्षस नव्हते. ते मला समजावायचे, की खोलीचं भाडं लोक चार ठिकाणी विचारून येतात, म्हणून ते कमी ठेवावं लागतं. कॅन्युलाचा भाव कोणी विचारत नाही. सिस्टरांचे पगार, मशीनचे हप्ते, सगळं फार्मसीवर ओढायचं. हिशेब म्हणून हे खरंच आहे. मग सिस्टरांचे पैसे बिलात सिस्टरांच्या नावाने लावा की! प्लास्टिकच्या चावीच्या नावाने कशाला?

आणि एक गंमत बघ. 2012 च्या जुलैत जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आज तिला महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतात. योजनेत प्रत्येक उपचाराला सरकारकडून मिळणारं पॅकेज ठरलेलं. सामान रुग्णालयाने त्यातच भागवायचं. त्या महिन्यापासून आम्हाला अचानक स्वस्त माल सापडू लागला. तोच वॉर्ड, तेच डॉक्टर. योजनेच्या पेशंटला कमी दराची कॅन्युला, रोख भरणाऱ्याला जास्त एमआरपीची. कोणाची शीर त्यामुळे बिघडली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की "क्वालिटीसाठी घेतो" हे आम्ही जे म्हणायचो ते कितपत खरं होतं. (स्वस्तातले ग्लोव्हज एकदा घातल्याबरोबर फाटले आणि थिएटरच्या सिस्टरने मला सगळ्यांसमोर झापलं, तेही खरं. सिस्टरला विचारल्याशिवाय कुठलाच माल बदलू नकोस.)

स्टेंटचं आता बरं आहे. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 ची मर्यादा घातली, तिथे मोठी लूट थांबली. ज्या मालाला अशी कमाल किंमत ठरवलेली नाही, त्याची एमआरपी वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढाच लगाम. पण पहिल्यांदा किती छापायची, ते कंपनीच्या हातात. पाकीट नवं, किंमत नवी. म्हणून म्हणतो, दोन आकडे एका ओळीत.

मी ते केलं, पण फार उशिरा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चाळीस वस्तूंचा तक्ता केला आणि खरेदी समितीच्या बैठकीत शेरा न मारता, शब्द न बोलता फिरवला. दोन डॉक्टर खरोखर चपापले. त्यांना छापील किमती माहीतच नव्हत्या. सात वस्तू बदलल्या. थ्री-वे त्यात होता. तेहतीस तशाच राहिल्या. सहा महिन्यांनी मला लिनन स्टोअरला टाकलं. चादरी मोजल्या. सोलापुरात चादरी मोजण्यात कमीपणा कसला!

तुझ्या पोटात गोळा येईल हे वाचून. यावा. राजीनाम्याचं मात्र बोलू नकोस, त्याने मला राग येतो. तू गेलीस तर साहेब उद्या असा माणूस आणतील ज्याला 60 आणि 185 मधला फरक फक्त नफा म्हणून दिसेल. रागावून पत्र लिहू नकोस, कोणाला चोर म्हणू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर काही टाकू नकोस. डीलरच्या स्कीममधली सूट वजा करून, जीएसटी धरून खरा खरेदी दर काढ. एका डब्यावर एक फुकट असेल तर तोही हिशेबात घे, मी इथेच फसायचो. शेजारी एमआरपी. खाली तारीख आणि तुझी सही. साहेबांनी दुसरीवरच खूण केली तर करू देत. पण दोन्ही आकडे डोळ्यांपुढे असताना करू देत.

पुढच्या रविवारी ये. काकूंनी शेंगा चटणी कुटून ठेवली आहे, कडक भाकरीही आहे. तीस वस्तूंपासून सुरुवात कर, आणि तक्ता कागदावर पट्टीने आखून आण. एक्सेलमध्ये करू नकोस. तिथे रकाना लपवता येतो, ते मीच आमच्या बिलिंगच्या पोराला शिकवलं होतं.

तुझा,
काका