गार्डन नोम मुळात कोण, आणि मातीचा एखादा घरी घडवता येईल का?

टोकदार टोपी, दाढी आणि हातात कंदील किंवा फावडं घेतलेला, बागेत शोभेला मांडतात तो हा बुटका मूळचा माळी नव्हेच, तो खाणकामगार. जर्मन भाषक मुलखातल्या खाणींमध्ये जमिनीखालच्या धातूंची राखण ठेंगू करतात, अशी जुनी समजूत होती. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्य-किमयागाराने माती-दगडातून सहज आरपार जाणाऱ्या अशा जीवांना ‘नोम’ म्हटलं.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मिराबेल बागेत १६९० च्या दशकात संगमरवरी बुटके उभे राहिले, पण ते दरबारी थट्टेच्या वळणाचे होते. आजच्या नोमचं घर म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगियामधलं ग्रेफेनरोडा गाव. फिलिप ग्रीबेलने तिथे १८७४ मध्ये कारखाना काढला आणि भाजल्या मातीचे नोम घाऊक बनू लागले.

इंग्लंडात ते त्याच्याही आधी पोचले होते. १८४० च्या दशकात सर चार्ल्स आयशमने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून २१ नोम आणून लॅम्पोर्ट हॉल या आपल्या वाड्याच्या दगडी बागेत मांडले. या गृहस्थाचा भुताखेतांवर खरोखर विश्वास होता. मुलींना मात्र ते ध्यान आवडेना, त्यांनी बापामागे सगळे काढून टाकले. फटीत लपलेला एकच वाचला. त्याचं नाव लॅम्पी, आणि त्याचा विमा म्हणे दहा लाख पौंडांचा! उलट लंडनमधल्या चेल्सीच्या प्रतिष्ठित पुष्पप्रदर्शनात नोमना वर्षानुवर्षं बंदी होती; २०१३ मध्ये शताब्दीपुरती सूट मिळाली. मला ही नाकं मुरडणं जरा जास्तच वाटतं.

आता घडवण्याचं. मी हौसेने मातीकाम करतो, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी याच्याइतका सोयीचा पुतळा नाही. दाढी छातीला टेकलेली, त्यामुळे बारीक मान नाहीच. हात अंगाला चिकटलेले, पाय आखूड. मोडायला जागा एकच, टोपीचं टोक. ते मी मुद्दाम जाड ठेवून किंचित मागे वाकवतो.

गणपतीची शाडू इथे नको, कच्ची मूर्ती पहिल्या पावसात विरघळेल. कुंभाराकडची भाजायची माती घ्या. भरीव गोळा भाजू नका. आत ओल राहिली तर भट्टीत फुटतो. माती थोडी घट्ट झाली की धड आडवं कापून आतून कोरा, भिंत सेंटीमीटरभर ठेवा. मग दोन्ही कडा खरवडा, पातळ कालवलेली माती लावा आणि जोडा. टोपीही आतून पोकळ हवी, आणि तिची पोकळी धडाच्या पोकळीला जोडलेली. तळाला भोक ठेवा, नाहीतर आतली हवा-वाफ निघणार कुठून? सावलीत सावकाश वाळवा, घाई केलीत तर पहिली चीर दाढीच्या जोडावर जाते.

कारखान्यात हेच काम प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून होतं, पण एकासाठी साचा करायचा खटाटोप कशाला? जवळच्या स्टुडिओत भट्टी भाड्याने मिळते का बघा. रंग बाहेर टिकणारा ॲक्रिलिक चालेल.