छोटी सुरमई ही वेगळी जात असते की मोठ्या सुरमईचं पिल्लू? ती घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की अर्ध्या-पाऊण किलोची सुरमई घेताना मासेवाल्याने "ही जातच लहान असते" असं सांगितलं आणि तुम्हाला ते पटलं नाही. न पटणं बरोबर आहे. पण तो पूर्ण खोटं बोलत नव्हता, आणि चिडचिड होते ती त्याचीच. हेच वाक्य मी माझ्या मामाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय.

आपल्या किनाऱ्यावर सुरमई म्हणून मुख्यतः दोन जाती विकल्या जातात. एक पट्ट्यांची, स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन, जी दोन मीटरच्याही वर जाऊ शकते. दुसरी ठिपक्यांची, स्कॉम्बेरोमोरस गटॅटस, ती पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. ठिपक्यांची चाळीस सेंटिमीटरच्या आसपास अंड्यावर येते. पट्ट्यांचीला त्यासाठी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर व्हावं लागतं, म्हणजे अडीच-तीन किलो. आता अर्ध्या किलोची सुरमई समोर ठेवा. ठिपक्यांची असेल तर बाई लेकुरवाळी आहे, पट्ट्यांची असेल तर शाळकरी पोर. मासेवाला दोघींना एकाच पाटीत ओततो आणि लहान जातीची सबब दोघींना लावतो.

मामाची होडी देवगडला. तरंगत्या जाळ्याची, म्हणजे गिलनेटची. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होतो, सुट्टीत घरी आलो की फळी घेऊन बंदरावर बसायचो. फळी म्हणजे मोजपट्टी ठोकलेलं लाकूड. माशाचं तोंड एका टोकाला टेकवायचं आणि शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी लिहायची. शेपटीच्या टोकापर्यंत नाही, कारण टोकं बर्फात मोडलेली असतात. सगळं बंदर लिलावाच्या गडबडीत आणि मी पाट्यांमध्ये उकिडवा. मामा येता-जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "शिकान सवरान मासे मोजूक लागलो. मोजान पोट भरतला?" आणि लोक हसायचे.

एकदा त्याने विचारलं, "माशाचा वय काय शेपटेर लिवलेला असता?" टोमणा होता, पण प्रश्न चांगला होता. थंड समुद्रातल्या माशाच्या कानात जो खडा असतो, त्यात हिवाळ्या-उन्हाळ्याची वलयं उमटतात, ती मोजून वय कळतं. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमट, वलयं पुसट पडतात. म्हणून उष्ण पाण्यात ढिगाने मासे मोजावे लागतात. दर महिन्याला त्यांच्या लांब्या मांडल्या की लहान माशांचा घोळका महिन्यागणिक किती सेंटिमीटर पुढे सरकतोय ते दिसतं, आणि त्यावरून वाढीचा वेग. एम. देवराज यांनी सुरमईच्या तीन जातींचं वय आणि वाढ यांवर १९८१ मध्ये लिहिलं, ते मन्नारच्या आखाताकडच्या माशांवरून. त्यामागेही फळी घेऊन बसलेलं कुणीतरी असणारच. हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "ही जातच बारकी. कितीय पोस, वाढाची नाय."

मग मी त्याच्याच पाटीतल्या जवळजवळ सारख्या लांबीच्या दोन सुरमया उचलल्या आणि मामीच्या विळीवर फाडल्या. एकीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, दोन्ही बाजूंना केशरी-पिवळी, बोटाने दाबली की दाणा जाणवणारी. दुसरीत पाठीच्या कण्याखाली गुलाबीसर दोन दोरे, मांजाएवढे. नर की मादी हेही नुसत्या डोळ्यांनी कळेना. पहिलीच्या अंगावर गोल ठिपके, दुसरीच्या अंगावर पाठीकडून पोटाकडे उतरणारे तुटक पट्टे. मी भाषण सुरू करणार तेवढ्यात मामी म्हणाली, "ठिपक्याचेत गाबोळी गावता. पट्ट्याचे बारकेत कधी गावली नाय." तिला हे आधीपासून ठाऊक होतं. रोज मासे साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, तिला कुणी विचारत नाही एवढंच.

मामा मासा बघत होता. मग म्हणाला, "मगे काय करू? जाळ्याक डोळे लावू?"

त्यावर लोक पुन्हा हसले आणि विषय तिथेच संपला. मला आजही वाटतं की त्याने उत्तर द्यायला हवं होतं, कारण गिलनेटवाल्याला ही सबब शोभत नाही. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्यात येईल ते येतं. त्याच्या शेपटाकडे ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, असावा असा नियम आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो, हे खरं. पण त्यातून निसटतात ती बोटभर पिल्लं, अर्ध्या किलोची सुरमई नव्हे. पर्ससीनवाला बांगड्या-तारलीचा अख्खा थवा वेढतो, आत सापडलेली सुरमई निवडायला तो थांबत नाही. गिलनेटमध्ये मात्र मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. बारका आरपार जातो, फार मोठ्याचं डोकंच शिरत नाही. कुठल्या मापाची सुरमई हवी ते जाळं विकत घेतानाच ठरतं. मामाने दर खेपेला आधीपेक्षा बारीक आसाचं जाळं घेतलं, कारण मोठी सुरमई कमी झाली होती. आणि मोठी का कमी झाली म्हणून विचारलं की पर्ससीनवाल्यांना शिव्या. त्या शिव्या रास्त आहेत, पण अर्ध्याच.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शिफारस केली आणि राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. बंदरावर आकाराची फळी घेऊन कुणी उभं राहत नाही तोवर दोन्ही कागदावरच. जून-जुलैची मासेमारी बंदी वेगळी. ती वेळ राखते, आकार नाही.

आता तुमचं. मासा अख्खा बघा, कापलेल्या तुकडीवरून काही कळत नाही. गोल ठिपके ओळीने असतील तर ठिपक्यांची, बिनदिक्कत घ्या. पट्ट्यांचीच्या पिल्लालाही पट्टे अर्धवट असल्यामुळे ठिपक्यांचा भास होतो, तेव्हा अंगावरची बारीक रेघ बघा, कल्ल्यापासून शेपटीकडे जाते ती. पट्ट्यांचीमध्ये ती पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली उतरते. ठिपक्यांचीमध्ये हळूहळू उतरते आणि पुढच्या भागात तिला बारीक फाटे असतात. पट्ट्यांची बारकी असेल तर मी घेत नाही, त्या पैशात बांगडा घेतो. तुम्ही न घेतल्याने ती मेलेली सुरमई जिवंत होणार नाही, हेही सांगून ठेवतो. आणि किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत किंवा गरीला चुकून एखादी आली म्हणून त्या गरिबाशी हुज्जत घालू नका. त्याच्या पाटीत ती एखादीच असते.

मामा आता होडीवर जात नाही, होडी मामेभाऊ चालवतो आणि तो इथे उत्तरं वाचतो. बाबू, यंदा जाळं बदलतोयस असं कळलं. मोठ्या आसाचं घे. पहिला हंगाम मार खाशील, ते मला मान्य आहे, पैशांचं गणपतीत आलो की बसून बोलू.