‘आता त्या सुटल्या तर बरं’ असे मनात येते, तेव्हा...

घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणारे मला एक प्रश्न बहुधा मान खाली घालूनच विचारतात. एका ताईंनीही तोच विचारला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). “आता सासूबाई सुटल्या तर बरं, असं मनात आलं. मी इतकी वाईट आहे का?”

अल्झायमर झालेल्या सासूबाईंसाठी ताईंनी आपल्या शिकवण्या बंद केल्या होत्या. आदल्या रात्री तिसऱ्यांदा कपडे बदलताना त्यांनी सासूबाईंचा हात हिसडला आणि बांगडी रुतून वळ उठला. हे सांगताना त्या स्वतःचेच मनगट चोळत होत्या.

मी त्यांना आठवडाभर जागरणांची नोंद ठेवायला सांगितली. मुलाच्या जुन्या वहीत त्यांनी वेळा लिहून आणल्या: १.१०, २.४०, ३.३५, ५.००. सात रात्रींत सलग तीन तास झोप एकदाही नव्हती. शुश्रूषेचा भार मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झारिट यांच्या २२ प्रश्नांत ‘आजारी माणसाजवळ असताना राग येतो का’ हाही एक प्रश्न आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला. “म्हणजे इतरांनाही येतो?” एवढेच त्या म्हणाल्या.

हात हिसडणे मात्र मी सोडून दिले नाही. तसा क्षण आला की सासूबाई पडणार नाहीत एवढे पाहून खोलीबाहेर यावे आणि फारच असह्य झाले तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा) रात्रीही बोलावे, असे ठरले. रात्रीची अस्वस्थता अचानक वाढली असल्यास तिच्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठताही असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवले.

उरला तो नणंदेचा प्रश्न. रविवारी दुपारी तासभर येऊन “आई माझ्याशी किती नीट बोलते” असे त्या म्हणत आणि ते खोटेही नव्हते, कारण असे रुग्ण पाहुण्यांसमोर थोडा वेळ सावरतात. गोंधळ वाढतो तो दिवस मावळल्यावर. ‘मदत करा’ असे मोघम न म्हणता दिवस आणि तास सांगा, असा माझा आग्रह असतो. बुधवारची रात्र मुलाने घेतली. घर बदलल्यास सासूबाई अधिक गोंधळतील, म्हणून महिन्यातून दोन शुक्रवारी नणंदेने तिथेच राहायला यायचे आणि ताईंनी बहिणीकडे जायचे, असे ठरले.

पहिल्याच शनिवारी पहाटे नणंदेचा फोन आला: “वहिनी, हे रोजच असं असतं का गं?” तो बहिणीने घेतला, ताई अजून झोपल्या होत्या.