प्रौढ वयात लसी पुन्हा कशासाठी घ्यायच्या?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय बावन्न, लहानपणी सगळ्या लसी झालेल्या, कोरोनाच्याही मात्रा घेतलेल्या; तरीही तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी धनुर्वात, कावीळ ब (हिपॅटायटिस बी), फ्लू आणि नागीण (अंगावर पट्ट्यासारखे दुखरे फोड येणारा आजार) अशा चार लसी सुचवल्या, तर ही गरज खरी की औषध कंपन्यांचा धंदा? मी नागपुरात परिचारिका म्हणून निवृत्तीपर्यंत लसीकरणाचे काम केले आहे. अंतिम निर्णय आपल्या डॉक्टरांचा, हे गृहीत धरून उत्तर देते.

लहानपणी सगळ्या लसी झाल्या, हे आधी तपासून पाहायला हवे. आपल्याकडे लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, गोवराची लस त्यात १९८५ पासून आली आणि कावीळ ब ची लस तर देशभरातील बाळांना २०११ पासून मिळू लागली. म्हणजे आपण पाळण्यात होता तेव्हा यांतल्या बहुतेक लसी सरकारी दवाखान्यात नव्हत्याच. पुष्कळ लोक बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवतात आणि ‘हे बघा, झाली आहे लस’ म्हणतात. आपल्या पिढीत तो व्रण बहुधा देवीच्या लसीचा असतो, नाहीतर बीसीजीचा. देवीचा रोग १९८० मध्ये जगातूनच गेल्याचे जाहीर झाले आणि बीसीजी ही मुख्यतः लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवण्यासाठी दिली जाते, तेव्हा त्या व्रणाच्या भरवशावर धनुर्वात किंवा कावीळ टळेल असे मानता येत नाही.

आता धनुर्वाताविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण लोकांना ही लस सर्वांत ओळखीची वाटते आणि सर्वाधिक घोळही तिथेच होतो. या रोगाचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते माणसाकडून माणसाला लागत नाहीत, त्यामुळे शेजारच्या सर्वांनी लस घेतली असली तरी तिचा उपयोग तुम्हाला शून्य. एवढेच नव्हे, तर धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही पुढची प्रतिकारशक्ती मिळत नाही, कारण रोग घडवायला पुरेसे असणारे विष शरीराला ओळख पटण्याइतकेही नसते. लसीचे संरक्षणसुद्धा काळानुसार उतरते, म्हणून दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा. लहानपणच्या मात्रांची खात्री नसेल, तर पहिली मात्रा, महिन्याभराने दुसरी आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरी असा पूर्ण क्रम करावा लागतो. हल्ली टीटी या केवळ धनुर्वाताच्या लसीऐवजी टीडी ही जोडलस देतात, त्यात घटसर्पाचेही संरक्षण मिळते.

नागपूरच्या कळमना बाजारातले हमाल संत्र्याच्या पेटीचा खिळा लागला की ‘टीटी मारून द्या’ म्हणत येत. याआधी कधी घेतली होती, असे विचारले की एकजण सांगे, दिवाळीत घेतली होती. दुसऱ्याला लग्नानंतर घेतल्याचे आठवतच नसे. पहिल्याला त्या सुईची बहुधा गरज नसे आणि दुसऱ्याला केवळ एका सुईवर भागणारे नसे. तरी दोघांना तीच एक मिळे, कारण कागद कोणाकडेच नसे. बाळाचे लसीकरण कार्ड आई जपून ठेवते, पण मोठ्या माणसाचे कार्ड मुळात कोणी तयारच करत नाही. स्त्रियांना निदान गरोदरपणात या मात्रा मिळतात, आणि भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात २०१५ मध्ये आटोक्यात आल्याचे जाहीर झाले त्यात याचा मोठा वाटा आहे. पन्नाशीच्या पुरुषाला मात्र असे कोणतेच निमित्त मिळत नाही.

कावीळ ब चा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, क्वचित दुसऱ्याच्या वस्तऱ्यातूनही येतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहून यकृत खराब करतो. आधी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि संसर्ग नसेल तर सहा महिन्यांत तीन मात्रा पूर्ण कराव्यात. फ्लूचे कारण वेगळे आहे: तो विषाणूच रूप बदलत राहतो, त्यामुळे लसीतील घटक बदलावे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात त्याचा जोर वाढतो, म्हणून मे महिन्याच्या सुमारास घेणे बरे.

धंद्याविषयीची आपली शंका गैर नाही. नागिणीची लस खरोखर महाग आहे. मात्र तीही निरर्थक नाही, कारण कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, पन्नाशीनंतर प्रतिकारशक्ती ढिली पडली की नागीण होऊन उठतो आणि मागे राहणारे दुखणे काही जणांना महिनोन्‌महिने झोपू देत नाही. पैशाची ओढाताण असेल तर माझ्या मते आधी टीडी, मग कावीळ ब आणि फ्लू, आणि सोय झाल्यावर नागीण. टीडी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यांत मिळते. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी चौकशी करून पाहावी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. खासगी डॉक्टर कधीकधी लस बाहेरून आणायला सांगतात. लस दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवी आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. बर्डीच्या बाजारातून स्कूटरच्या डिकीत ठेवून आणलेल्या लसीचा भरवसा धरू नये. थर्मासमध्ये आणावी, पण बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नये, कारण टीडी आणि कावीळ ब या लसी गोठल्या तर निकामी होतात. शक्य असेल तर जिथे फ्रिजची नीट नोंद ठेवतात अशा ठिकाणीच टोचून घ्यावी आणि लसीचे नाव, बॅच क्रमांक व तारीख एका वहीत लिहून घ्यावी.

आपण मधुमेह, दमा किंवा धूम्रपान यांविषयी काही लिहिलेले नाही. यांपैकी काही असेल तर न्यूमोनियाच्या लसीसाठी पासष्टीची वाट पाहू नये, आणि माझ्या वरच्या क्रमात ती फ्लूच्या बरोबरीने येईल.